मणक्याचे ऑपरेशन झाले, गोळी सुटली नाही

(पाली, तालुका वेल्हे म्हणजेच आताचा राजगड, येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला घरी सोडताना दवाखाना एक कागद देतो. टाके कधी काढायचे, पुन्हा दाखवायला कधी यायचे, वाकायचे किती आणि वजन किती उचलायचे हे सगळे त्यावर असते. खाली गोळ्यांची नावे असतात: ही दोन वेळा, ही रात्री, ही दुखेल तेव्हा. त्या 'दुखेल तेव्हा'च्या गोळीपुढे, ती कधी बंद करायची, हे पुष्कळदा लिहिलेले नसते. सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी तीन वर्षांनी तोच कागद घडी पडून, कडा झिजून मेडिकलच्या काउंटरवर पुन्हा येतो आणि तीच गोळी घेऊन परत जातो. दुखणे गेलेले नसते आणि गोळीही सुटलेली नसते. आजचा विषय एवढाच आहे.

हा विषय पालीत कशासाठी, असे कोणी विचारले तर या भागातल्या माणसांच्या पाठी पाहाव्यात. राजगडाला पाली दरवाजा आहे, त्याच्या खोदीव, रुंद पायऱ्यांवरून गडावर सामान नेले जाई, आणि ते माणसांच्याच डोक्या-खांद्यांवरून जाई. गड थांबला, ओझे थांबले नाही. आषाढात गुंजवणीच्या खोऱ्यात भातलावणी होते तेव्हा बाई सकाळी वाकते ती जेवणाच्या वेळेला सरळ होते. घरातला एखादा तरी पुरुष मुंबई-पुण्याच्या बाजारात ओझी वाहायला गेलेला असतो. महाराष्ट्रात माथाडी कामगारांचा कायदा १९६९ साली झाला. पोत्याचे वजन ५० किलोवर आणा, ही बाबा आढावांच्या हमाल पंचायतीची जुनी मागणी. पाठदुखी हा इथे म्हातारपणाचा आजार नाही. तो कामाबरोबर येतो, पगारपत्रकात न दिसणारी कपात असावी तसा.

यांतल्या बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. कमरेची चमक, उसण, अगदी गादी सरकून पायात कळ गेलेली असली तरी पुष्कळांना काही आठवड्यांत उतार पडतो. ज्यांच्या पायातली ताकद कमी होत जाते, लघवी-शौचावरचा ताबा सुटतो किंवा पायातली कळ महिनोन्महिने हटत नाही, त्यांचे ऑपरेशन होते आणि व्हायलाच हवे. लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला तर एक दिवसही थांबू नये.

अमेरिकेत मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी १९३४ साली दाखवून दिले की सरकलेली गादी नसेवर दाब देते आणि ती काढली की पायातली कळ थांबते. आजच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेचा पाया तिथे घातला गेला. पण त्या यशाची मर्यादा तेव्हापासून तीच आहे. शस्त्रक्रिया पायातल्या कळेवर चांगली चालते, कमरेतल्या दुखण्यावर तेवढी नाही. रुग्ण मात्र 'कंबर दुखते' म्हणून टेबलावर चढलेला असतो. एमआरआयमध्ये दिसणारी झिजलेली गादी हेच त्याच्या दुखण्याचे मूळ आहे, असे त्याला आणि कधी डॉक्टरलाही वाटलेले असते. चाळिशी ओलांडलेल्या, अजिबात कंबर न दुखणाऱ्या माणसांचा एमआरआय काढला तरी झिजलेल्या गाद्या सर्रास दिसतात.

मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतरही दुखणे उरणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांत १० ते ४० टक्के सांगितले जाते. आकड्यांत एवढी तफावत आहे कारण दुखणे 'उरले' कशाला म्हणायचे याचे माप प्रत्येकाचे वेगळे. कारणे मात्र ओळखीची आहेत. कुणाची गादी पुन्हा सरकते. कुणाच्या नसेभोवती व्रणाची ऊती धरते. स्क्रू घालून दोन मणके जोडले की शेजारच्या मणक्यावर ताण येतो. काहींची नस आधीच इतकी दबलेली असते की मोकळी केल्यावरही ती बिघडलेले संदेश पाठवत राहते. आणि काहींच्या बाबतीत महिनोन्महिने दुखण्याची बातमी ऐकून मेंदू आणि मज्जारज्जू इतके हळवे झालेले असतात की साध्या हालचालीचीही ते कळ करून सांगतात. अशा माणसाला 'तुला काही नाही, मनाचे खेळ आहेत' म्हणणे हा त्याच्यावर दुसरा वार असतो. दुखणे खरेच असते. त्यावर पुन्हा कापून उपयोग नसतो.

इथे गोळी येते.

आपल्याकडे अफूची ओळख जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना अफू घातलेली बाळगोळी चाटवून झोपवत. गिरणीचा भोंगा मुलाच्या भुकेसाठी थांबत नसे. जर्मनीत सेर्टुर्नर नावाच्या तरुण औषधविक्रेत्याने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात अफूतून मॉर्फिन वेगळे काढले. आजही मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात परवान्याने अफू पिकते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जाते. या कुळातली प्रयोगशाळेत तयार झालेली भावंडे म्हणजे पेंटाझोसिन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल. ट्रामाडॉल १९७७ साली जर्मन बाजारात आले ते 'सौम्य' म्हणून. त्या सौम्यपणाच्या प्रसिद्धीनेच ते जगभर गेले. पॅरासिटामॉलबरोबर एकाच गोळीत बसवले की ते इतके निरुपद्रवी दिसते की घरातले कोणी त्याला अफूच्या नात्यातले समजत नाही.

पहिले काही दिवस गोळी चोख काम करते, यात शंका नको. शस्त्रक्रियेनंतरची कळ प्रचंड असते आणि ती सहन करायला लावण्यात कसलाही पुरुषार्थ नाही. अडचण नंतर सुरू होते. शरीर स्वतःचीही वेदनाशामके बनवत असते. गावात टँकर यायला लागला की विहिरीचा गाळ काढायला कोणी उतरत नाही, तसे शरीराचे होते. आतला पुरवठा मंदावतो, गोळीचा असर कमी होतो, एकाची दोन होते. मग एखाद्या दिवशी गोळी संपते, मेडिकल बंद असते, पावसात रस्ता अडलेला असतो. संध्याकाळपासून जांभया येतात, नाकाडोळ्यांना पाणी सुटते, अंगावर काटा येतो, पोटात कळा, जुलाब, पाय आपटावेसे वाटणे, डोळ्याला डोळा न लागणे. आणि अंग तर सगळे दुखतेच, पण सर्वांत जास्त दुखते ते जिथे ऑपरेशन झाले तिथे. रुग्णाच्या मनात साहजिक येते की आजार परत आला. तो गोळी घेतो, तासाभरात सगळे शांत होते. यातून तो जो निष्कर्ष काढतो तो अगदी तर्काला धरून आहे आणि अगदी चुकीचाही आहे: 'बघा, मला गोळीची गरज आहेच.' खरे तर त्या रात्रीचे बरेचसे दुखणे गोळी उतरल्याचे असते. मणक्याच्या रुग्णाला या सापळ्यातून बाहेर येणे इतके कठीण जाते ते यामुळे. दारू पिणाऱ्याला निदान आपण दारूमुळे थरथरतो हे कळते.

याहून एक विचित्र गोष्ट आहे. दीर्घकाळ मोठ्या मात्रेत ही औषधे घेतल्यावर काही रुग्णांची वेदना कमी होण्याऐवजी वाढते, दुखरा भाग पसरतो. डॉक्टर मात्रा वाढवतात, दुखणेही वाढते. अशा वेळी औषध हळूहळू कमी केल्यावर दुखणे हलके झाल्याचे रुग्ण स्वतः सांगतात. ऐकणाऱ्याला हे खोटे वाटते. घरच्यांना तर हमखास वाटते.

गोळी आणि व्यसन यांत फरक करावाच लागतो. महिनाभर ट्रामाडॉल घेतलेल्या जवळपास कोणाचेही शरीर त्याला सरावू शकते. ती शरीराची रीत आहे, त्यात चारित्र्याचा प्रश्न नाही. व्यसन त्याच्या पुढचे: तलफ, ठरवूनही हात न आवरणे, गोळीसाठी खोटे बोलणे, दोन-तीन डॉक्टरांकडून एकाच वेळी चिठ्ठ्या घेणे, घरखर्चाला कात्री. सरावलेले सगळे तिथे पोहोचत नाहीत. पण वाट तिकडेच उतरते आणि शेवटच्या वळणावर पाटी नसते.

हे अडाण्यांचे किंवा गरिबांचे दुखणे आहे असा समज असेल तर टायगर वूड्सकडे पाहावे. गोल्फच्या इतिहासातला हा बहुधा सर्वांत मोठा खेळाडू. मार्च २०१४ मध्ये त्याच्या कमरेवर पहिली शस्त्रक्रिया झाली, २०१५ मध्ये आणखी दोन, आणि एप्रिल २०१७ मध्ये मणके जोडण्याची चौथी. त्यानंतर जेमतेम महिना उलटला असेल. २९ मे २०१७ च्या पहाटे फ्लोरिडातल्या जुपिटर गावच्या पोलिसांना रस्त्यावर थांबलेल्या मोटारीत तो चाकामागे झोपलेला सापडला. गाडीचे इंजिन चालू होते. श्वासात दारूचा अंशही निघाला नाही. तपासणीत शरीरात हायड्रोकोडोन आणि हायड्रोमॉर्फोन ही दोन अफूवर्गातली वेदनाशामके निघाली, शिवाय अल्प्राझोलाम, झोपेची गोळी आणि गांजाचा अंश. कमरेचे दुखणे आणि झोप न येणे यांच्याशी आपण गोळ्यांनिशी झगडत होतो, असे त्याने स्वतः जाहीर केले आणि उपचारासाठी दाखल झाला. जगातले कोणतेही डॉक्टर ज्याला फोनवर मिळू शकत होते, त्याची ही गत. दोन वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, त्याने मास्टर्स स्पर्धा जिंकली. कमरेच्या शस्त्रक्रिया त्यानंतरही सुटल्या नाहीत, हेही सांगायला हवे. ही परीकथा नाही.

त्याच्या कितीतरी आधी जॉन केनेडी. १९४४ ते १९५७ या काळात त्यांच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या. १९५४ च्या शस्त्रक्रियेनंतर जंतुसंसर्गाने ते मरता मरता वाचले. अनेक वर्षांनी त्यांची वैद्यकीय कागदपत्रे इतिहासकारांपुढे उघडली तेव्हा त्यांत कोडीन, पेथिडिन, मेथाडोन अशी नावे निघाली. जगापुढे तरणाबांड दिसणारा राष्ट्राध्यक्ष पाठीला पट्टा बांधून आणि सुया टोचून घेऊन उभा राहत होता. फरक पडला तो १९६१ मध्ये, हान्स क्राउस नावाच्या डॉक्टरने त्यांना नियमित पोटाचे आणि पाठीचे व्यायाम करायला लावल्यावर. व्यायाम! चार शस्त्रक्रिया झाल्यावर. ज्या गोष्टीने सुरुवात व्हायला हवी होती ती व्हाइट हाउसलाही शेवटी आठवली.

अमेरिकेने पुढे या चुकीचे कारखाने काढले. १० जानेवारी १९८० रोजी एका प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. बोस्टनच्या रुग्णालयांतल्या नोंदी पाहून त्यात म्हटले होते की अफूवर्गातले औषध दिलेल्या ११,८८२ रुग्णांत व्यसन लागल्याच्या नीट नोंदलेल्या घटना फक्त चार आढळल्या. हे रुग्ण रुग्णालयात खाटेवर होते, औषध नर्सच्या हातात होते. घरी जाऊन वर्षभर गोळ्या खाणाऱ्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी 'दुखणे खरे असेल तर सवय लागत नाही' याचा पुरावा म्हणून ते पत्र वर्षानुवर्षे पुढे केले गेले. २०१७ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मोजले, तर ते ६०८ वेळा उद्धृत झाले होते. पर्ड्यू फार्मा कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले ते याच समजाच्या जोरावर. २००७ मध्ये व्यसनाचा धोका कमी करून सांगितल्याबद्दल कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि साठ कोटी डॉलरहून अधिक रक्कम भरली. पण औषध विकले जातच राहिले. १९९९ पासूनच्या दोन दशकांत अमेरिकेत अफूवर्गातल्या औषधांच्या आणि ड्रग्जच्या अतिमात्रेने जवळपास पाच लाख माणसे मेली. चिठ्ठीवरच्या गोळीने सुरू झालेली साथ पुढे हेरॉइन आणि चोरट्या फेंटानिलपर्यंत गेली.

त्या विनाशातून निदान आकडे तरी मिळाले. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ३६ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. आधी कधीही ही औषधे न घेतलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के रुग्ण तीन महिन्यांनंतरही ती घेत होते. शस्त्रक्रिया लहान असो वा मोठी, प्रमाण जवळपास सारखेच. त्याच वर्षी तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने दाखवले की पहिल्या चिठ्ठीतल्या दिवसांवर पुढचे बरेच ठरते. चिठ्ठी आठ किंवा अधिक दिवसांची असेल तर वर्षाने औषधावर असणारे सुमारे १३ टक्के, ३१ किंवा अधिक दिवसांची असेल तर जवळपास ३० टक्के. 'पुन्हा यायला नको म्हणून महिन्याच्या गोळ्या लिहून देतो' या मायेच्या वाक्याची किंमत यात दिसते.

आणि फायदा किती? मिनेसोटात जुनाट कंबरदुखी आणि गुडघे-खुब्याच्या झिजेच्या २४० रुग्णांना वर्षभर दोन गटांत ठेवून २०१८ मध्ये निकाल छापला गेला: अफूवर्गातली औषधे घेणारे साध्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा जास्त हिंडूफिरू लागले नाहीत, दुखणे तर किंचित जास्तच राहिले. सिडनीच्या संशोधकांनी नव्याने कंबर किंवा मान धरलेल्या ३४७ जणांवर ऑक्सिकोडोन आणि नुसती दिखाऊ गोळी यांची तुलना केली. २०२३ च्या त्या निकालात सहा आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच निघाले. ही पाहणी शस्त्रक्रियेच्या रुग्णांची नव्हती, हे खरे. पण वर्षानुवर्षे गोळी घेण्याच्या बाजूने भक्कम पुरावा शोधायला गेले तर हात रिकामाच राहतो.

भारताची गोष्ट अमेरिकेची नक्कल नाही. आपण दोन उलट्या चुका एकाच वेळी केल्या. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कडक कायदा आला. परवान्यांचे इतके जंजाळ झाले की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. दशकभरात देशातला त्याचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून अधिक घसरला. अफू पिकवणाऱ्या देशात कर्करोगाचे रुग्ण किंचाळत मेले. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षे भांडले, तेव्हा २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन, हायड्रोकोडोन ही सहा औषधे मान्यताप्राप्त संस्थांना मिळणे सोपे केले.

त्याच काळात दुसऱ्या दाराने काय चालले होते? फोर्टविनचे इंजेक्शन, म्हणजे पेंटाझोसिन, दुखण्यावर सर्रास टोचले जात होते. टोचून घेणाऱ्यांच्या मांड्या दगडासारख्या कडक झाल्या, जखमा चिघळल्या. व्यसन लागलेल्यांत डॉक्टर आणि दवाखान्यातले कर्मचारीही होते. प्रॉक्सिव्हॉनची कॅप्सूल तर कंबरदुखीच्या घरात ठेवणीतली. त्यातल्या डेक्स्ट्रोप्रोपॉक्सिफिनवर सरकारने २०१३ मध्ये बंदी आणली. मग जागा ट्रामाडॉलने घेतली. ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आले थेट एप्रिल २०१८ मध्ये, बाजारात चांगले मुरल्यावर. ते आवळल्यावर टॅपेंटाडॉल पुढे सरकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने पालघर जिल्ह्यात कारखाना असलेल्या एका कंपनीची टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल एकत्र केलेली गोळी पश्चिम आफ्रिकेत नशेसाठी विकली जात असल्याचे उघड केले; केंद्राच्या आणि राज्याच्या औषध प्रशासनाने छापा घातला, त्या मिश्रणाच्या निर्यातीची परवानगी मागे घेतली. आफ्रिकेतल्या तरुणांसाठी ही बातमी होती. इथल्या कंबरदुखीवाल्यासाठी त्यातले एक नाव नवे नव्हते.

दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या २.०६ टक्के लोकांनी अफूवर्गातला काही ना काही पदार्थ घेतल्याचे आढळले. हेरॉइन घेणारे १.१४ टक्के, आणि औषधी गोळ्या-इंजेक्शने नशेसाठी घेणारे ०.९६ टक्के. म्हणजे मेडिकलचे काउंटर पुडीवाल्याच्या फार मागे नाही. 'दुखेल तेव्हा'ची गोळी घेणारी, स्वतःला नशेबाज न समजणारी माणसे या मोजणीत किती आली असतील, हा प्रश्न उरतोच.

आता पालीकडे. ऑपरेशन पुण्यात होते. पाबे घाटाने जा किंवा मार्गासनी-नसरापूरवरून जा, साठेक किलोमीटरचा रस्ता, आणि नुकतेच टाके पडलेल्या कमरेला एसटीच्या मागच्या बाकावर तो दुप्पट वाटतो. शस्त्रक्रियेचा खर्च एखाद्या योजनेतून निघू शकतो, पण फिजिओथेरपीसाठी आठवड्यातून दोनदा पुण्याला जायचे तर रोजगार बुडतो, सोबतीला माणूस लागतो. म्हणून रुग्ण घरी राहतो आणि त्याचा कागद प्रवास करतो. मुलगा नाहीतर जावई नसरापूरला जाताना चिठ्ठी खिशात घालतो. सर्जनला वाटते रुग्ण बरा असेल, आला नाही म्हणजे. गावाकडच्या डॉक्टरला वाटते, मोठ्या डॉक्टरने लिहिलेली गोळी आपण कशी बंद करायची? मेडिकलवाला म्हणतो, चिठ्ठी आहे ना. तिघेही आपापल्या जागी फारसे चुकलेले नसतात आणि गोळीचा मालक कोणीच नसतो. रोगाचे खरे घर हे आहे.

नियम नाहीत असे नव्हे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन यादीत ट्रामाडॉल, पेंटाझोसिन, कोडीन यांच्याबरोबर अल्प्राझोलामही आहे. त्यांच्या विक्रीची, डॉक्टरच्या आणि रुग्णाच्या नावासह, वेगळ्या वहीत नोंद ठेवायची आणि वही तीन वर्षे जपायची, असे नियम सांगतो. नियम जिथे पाळला जातो तिथे जुनी चिठ्ठी दहाव्यांदा चालत नाही. पण वही भरून रुग्ण बरा होत नाही. काउंटरवर नाही म्हटले की तो दुसऱ्या गावातले दुकान शोधतो. म्हणून वहीपेक्षा महत्त्वाची आहे ती तारीख. सर्जनने घरी सोडतानाच लिहावे: ही गोळी अमुक दिवसापर्यंत, मग अर्धी, मग बंद, नाही जमले तर मला फोन. शस्त्रक्रियेच्या आधीच विचारावे की रुग्ण ही गोळी किती महिने खातो आहे, कारण आधीपासून घेणाऱ्यांची नंतर सुटण्याची शक्यता कमी, हे अनेक अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. हा प्रश्न एक मिनिटाचा आहे. स्क्रूची कंपनी निवडायला याहून जास्त वेळ दिला जातो.

ज्याची गोळी आधीच वर्षानुवर्षांची झाली आहे त्याने हे भाषण ऐकून उद्यापासून ती टाकून देऊ नये. एकदम बंद केल्याने प्रचंड त्रास होतो. काही रुग्ण हताश होऊन जिवावर उठले, आणि २०१९ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला त्याबद्दल इशारा द्यावा लागला. वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्यांची मात्रा महिन्याला साधारण दहा टक्क्यांच्या पायरीने, डॉक्टरच्या देखरेखीखाली, मध्ये थांबत थांबत उतरवता येते. ट्रामाडॉलच्या मोठ्या मात्रेने फिट येऊ शकते, हेही घरच्यांना माहीत हवे. आणि सगळ्यांत घातक मेळ म्हणजे ही गोळी, झोपेची गोळी आणि रात्रीची दारू. तिन्ही मिळून श्वास मंदावतो. सकाळी माणूस उठत नाही, आणि 'झोपेतच गेला, हार्ट अटॅक असेल' एवढ्यावर गावात विषय संपतो.

ज्यांना तलफेने धरले आहे, त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखी औषधे आहेत. तलफ आणि गोळी उतरल्याचा त्रास दोन्ही आवरतात, आणि दुखण्यावरही काम करतात. 'एक नशा सोडून दुसरी' हा त्यावरचा टोमणा अज्ञानातून येतो. पुण्यात येरवड्याला मुक्तांगण १९८६ पासून आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. त्या वेळी पुण्यातली पोरे गर्दच्या पुडीने संपत होती. व्यसनी माणूस गुन्हेगार नाही, आजारी आहे, हे तेव्हा महाराष्ट्राला पहिल्यांदा एवढ्या मोठ्याने सांगितले गेले. मणक्याच्या रुग्णाची अडचण आता उलटी आहे: तो स्वतःला त्या रांगेत पाहूच शकत नाही. आपण तर डॉक्टरने दिलेले औषध घेतो! घरचे नातेवाइकांत सांगत नाहीत. लग्नाची मुलगी असेल तर अजिबातच नाही.

याची दुसरी बाजू सोडून हा विषय संपवणे अन्यायाचे होईल. या भाषणाचा दाखला देऊन कोणी कर्करोगाच्या रुग्णाचे मॉर्फिन अडवले तर ते पाप ठरेल. पुण्याहून पालीकडे येताना वाटेत वारजे लागते. तिथे १९९७ पासून सिप्लाचे वेदनाशमन केंद्र आहे. शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णाला मॉर्फिन देऊन शांतपणे जगू देणे हे तिथले रोजचे काम. अपघात, मोठी शस्त्रक्रिया, कर्करोग इथे ही औषधे हवीतच, पुरेशा मात्रेत हवीत. आक्षेप औषधावर नाही. दुखणे न तपासता, माणसाला न भेटता, वर्षानुवर्षे आपोआप चालू राहणाऱ्या चिठ्ठीवर आहे.

जुनाट दुखण्यावर मग करायचे काय? उत्तर कंटाळवाणे आहे, म्हणून ते कोणी विकत नाही. रोज चालणे, थोडे थोडे वाढवत. पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, एकदा नीट शिकून घेऊन घरीच. झोप. नसेच्या दुखण्याला अमिट्रिप्टिलिन किंवा ड्युलोक्सेटिनसारखी, सवय न लावणारी औषधे, डॉक्टर सांगतील तशी. तीही आपल्या मनाने एकदम सोडायची नाहीत. मनाशी बोलणारा समुपदेशक, कारण दुखण्याची भीती दुखणे वाढवते. दुखणे शून्यावर येईल असे वचन देणाऱ्यापासून दूर राहावे. लावणीच्या दिवसांत दोन तास उभे राहता आले, नातवाला उचलता आले, रात्रभर झोप लागली, तर उपचार लागू पडला असे समजावे.

घरात असा रुग्ण असेल तर त्याच्या गोळीचे नाव आज रात्री पाकिटावर वाचा. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिन, कोडीन यांपैकी काही असेल आणि महिना उलटून गेला असेल, तर पाकीट आणि जुना कागद घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात जा आणि 'ही गोळी कशी कमी करायची' एवढेच विचारा. स्वतःहून उपचाराला येणाऱ्या आणि अल्प प्रमाणात पदार्थ बाळगल्याचा किंवा घेतल्याचा आरोप असणाऱ्या व्यसनी माणसाला अमली पदार्थ कायद्याचे कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते, तेव्हा पोलिसांच्या भीतीने घरात बसू नका. व्यसनमुक्तीची सरकारी मदतवाहिनी १४४४६ आहे आणि मानसिक आरोग्याची टेली-मानस १४४१६. दोन्ही फोन मोफत आहेत.